सहा तासांत १८० मिलिलिटर

मूत्रपिंडांना अचानक इजा होते तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही. रुग्ण खाटेवर पडून असतो, जरा मलूल दिसतो, आणि सगळ्यांचं लक्ष असतं ते ज्या जुलाबांसाठी, तापासाठी किंवा ऑपरेशनसाठी तो दाखल झाला त्याकडे. या अवस्थेला डॉक्टर एकेआय म्हणतात, म्हणजे अक्यूट किडनी इंज्युरी. काही तासांत किंवा दिवसांत मूत्रपिंडांचं काम ढासळतं, ती बाहेर टाकतात तो क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ रक्तात वाढत जातो, पण कारण सापडलं आणि वेळेवर दूर झालं तर ती पुष्कळदा सावरतात. सावरू शकणारा अवयव आपल्या डोळ्यांसमोर, रुग्णालयाच्या खाटेवर हातचा जातो, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

पुढच्या संवादातल्या दोघी मी कल्पिलेल्या आहेत. त्यांच्यातला वाद मात्र अनेक रुग्णालयांत चालू आहे. एक आहेत मूत्रपिंडविकारतज्ज्ञ. एकेआय लवकर ओळखण्यासाठी लॅबच्या कॉम्प्युटरमधून आपोआप सूचना देण्याची योजना त्यांनी आखली आहे. दुसऱ्या मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. त्यांना ही योजना पटलेली नाही.

मॅडम : सिस्टर, आजची एक केस सांगते. पन्नाशीची बाई, अगदी काटक. ताप आणि उलट्या. आठवड्यापूर्वी क्रिएटिनिन ०.५ होतं, आज १.० आलं. लॅबच्या छापील रिपोर्टवर काय होतं माहीत आहे? काहीच नाही. १.० हा आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसतो, म्हणून ना चांदणी, ना ठळक अक्षर. राउंडवर रेसिडेंट म्हणाला, ‘किडनी नॉर्मल आहे.’ अहो, आठवड्यात दुप्पट झालंय! मूत्रपिंडांची निम्मी ताकद गेली आणि कागद म्हणतो सगळं ठीक.

सिस्टर : आणि कॉम्प्युटरला ते कळेल?

मॅडम : कळेल. तो आजचा आकडा नॉर्मलशी ताडून बघणार नाही, त्याच रुग्णाच्या जुन्या आकड्याशी बघेल. ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा सात दिवसांत दीडपट, की रिपोर्टवर लाल अक्षरात एकेआय. हा निकष २०१२ साली ठरला, जगभर तोच वापरतात. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या आजाराच्या तीसेक व्याख्या होत्या, ज्याची त्याची वेगळी.

सिस्टर : निकष चांगला आहे. पण त्यात लघवीचाही भाग आहे ना? तो तुम्ही गाळलात.

मॅडम : गाळला नाही. लॅबच्या कॉम्प्युटरला लघवी दिसत नाही.

सिस्टर : तेच तर म्हणतेय. किलोमागे तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी लघवी, सलग सहा तास. साठ किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिली. चहाचे दोन कप. तेवढीही झाली नाही तर एकेआय, क्रिएटिनिन काहीही असो. आणि क्रिएटिनिन मागाहून चढतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आज दुपारी मूत्रपिंडं पूर्ण बंद पडली तरी उद्या सकाळी आकडा जेमतेम एक-दीडने वाढलेला असतो. सकाळी सहाला रक्त जातं, रिपोर्ट दीड वाजता येतो, तोवर राउंड उरकलेला असतो. तुमची लाल अक्षरं माझ्या वॉर्डात पोचतील तेव्हा रुग्णाची एक अख्खी रात्र गेलेली असेल.

मॅडम : मग सांगा, तुमच्या वॉर्डात लघवीचा तक्ता कसा भरला जातो?

सिस्टर : खरं सांगू? वाईट. ज्याला कॅथेटर आहे त्याची बॅग मावशी रिकामी करतात, आकडा कुणी लिहीत नाही. ज्याला कॅथेटर नाही तो संडासात जाऊन येतो. संध्याकाळी ड्यूटी संपताना कुणीतरी बसून अंदाजाने बाराशे लिहितं. रात्री साठ खाटांना आम्ही दोघी. त्यात दर तासाला कुणाची लघवी मोजणार?

मॅडम : म्हणजे माझं यंत्र उशिरा बोलतं, आणि तुमचा तक्ता खोटं बोलतो.

सिस्टर : तक्ता खोटा आहे कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. राउंडवर एक डॉक्टर जरी विचारेल ना, ‘काल रात्रीची लघवी किती?’, तर दुसऱ्या दिवसापासून आकडे खरे यायला लागतील. सगळ्यांची मोजू नका. सात-आठ जणांची मोजा. मधुमेह, म्हातारपण, आधीच किडनी कमजोर, रक्तात जंतुसंसर्ग, मोठं ऑपरेशन, साप चावलेला. त्यांच्या खाटेला पिवळी चिठ्ठी लावा. एवढं आम्ही दोघीही करू शकतो.

इथे मला सिस्टरांची बाजू अधिक खरी वाटते. एकेआय कुणाला होण्याची शक्यता आहे हे दाखल करतानाच बऱ्याच अंशी ठाऊक असतं. अशा सात-आठ जणांवर डोळा ठेवायला लाखोंची यंत्रणा लागत नाही. पण मॅडमनी पुढे जे सांगितलं त्याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही.

मॅडम : आता माझं ऐका. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे किती रुग्ण येतात आपल्याकडे? २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईतले वॉर्ड भरून गेले होते. लेप्टोमध्ये क्रिएटिनिन चार असतं आणि लघवी भरपूर होत असते. पोटॅशियमसुद्धा वाढण्याऐवजी घसरलेलं असतं. बॅग भरलेली बघून तुमच्या सिस्टर निश्चिंत होतील. जेंटामायसिन, अमिकासिन या अँटिबायोटिकांचं तसंच. पाच-सात दिवस इंजेक्शन चालू असतं, मूत्रपिंड आतून जळत असतं आणि लघवी रोज लिटर-दीड लिटर. असे रुग्ण फक्त क्रिएटिनिनवरच सापडतात.

सिस्टर : हे मान्य. लेप्टोचं माझ्या लक्षात नव्हतं आलं.

मॅडम : आणि वॉर्डातल्या माणसांच्या डोळ्यांवर सगळं सोडलं की काय होतं ते ब्रिटनने मोजून पाहिलंय. तिथे एनसीईपीओडी म्हणून संस्था आहे, रुग्णालयातल्या मृत्यूंची गोपनीय चौकशी करते. २००९ मध्ये त्यांनी एकेआय होऊन दगावलेल्यांचे केसपेपर तपासले. जेमतेम निम्म्या रुग्णांवरचे उपचार चांगले म्हणण्याजोगे निघाले. दाखल झाल्यानंतर ज्यांना एकेआय झाला, त्यांच्यातल्या ४३ टक्के जणांत तो ओळखायला अक्षम्य उशीर झाला होता. साधारण पाचातला एक तर आधीच ताडता आला असता आणि टाळताही आला असता. तिथे सिस्टर कमी नव्हत्या, डॉक्टर कमी नव्हते. तरी! म्हणून २०१४ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने इंग्लंडमधल्या सगळ्या सरकारी लॅबना हुकूम काढला, २०१५ च्या मार्चपर्यंत ही आपोआप सूचना सुरू करा.

सिस्टर : मग मृत्यू कमी झाले?

मॅडम काही क्षण बोलल्या नाहीत. आपल्या योजनेच्या विरुद्ध जाणारा पुरावाही त्या लपवत नाहीत, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे.

मॅडम : नुसत्या सूचनेने नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात चाचणी झाली, २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटाच्या डॉक्टरांना सूचना गेली, दुसऱ्याच्या गेली नाही. क्रिएटिनिन, डायलिसिस, मृत्यू, कशातच फरक नाही. मग येल विद्यापीठाशी जोडलेल्या सहा रुग्णालयांत सहा हजारांवर रुग्ण घेऊन चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. एकूण फरक नाहीच. उलट, ज्या दोन रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टर नव्हते तिथे सूचना मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले.

सिस्टर : जास्त? सूचना मिळून?

मॅडम : हो. का, ते कुणालाही नक्की सांगता आलेलं नाही. माझा अंदाज सांगते. घाईने चार सलाईन लावले असतील, गरजेचं अँटिबायोटिक अर्ध्यावर थांबवलं असेल, सीटीसाठी लागणारं इंजेक्शन टाळलं असेल. ‘एकेआय’ एवढंच सांगितलं, पुढे काय करायचं ते सांगितलं नाही, तर प्रत्येकजण आपापल्या मनाने काहीतरी करतो.

सिस्टर : मग ही योजना आणताय कशाला?

मॅडम : कारण ब्रिटनमधल्या पाच रुग्णालयांनी तिसरी गोष्ट केली. सूचना, तिच्यासोबत काय-काय करायचं त्याची ठरलेली यादी, आणि डॉक्टर-सिस्टरांचं शिक्षण, तिन्ही एकदम. २०१९ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. महिन्याभरातले मृत्यू घटले नाहीत, हे खरंय. पण एकेआय जास्त ओळखला गेला आणि रुग्ण लवकर घरी गेले. मला तेवढंही पुरे आहे. एकेआय झालेल्या रुग्णाला जुलाब असतात, रक्तात संसर्ग असतो, हृदय कमजोर असतं. त्याचं मरण एका सूचनेने टळेल असं मी कधीच म्हटलं नाही.

सिस्टर : मग ती यादीच आधी आणा की! लाल अक्षरं नंतर.

मॅडम : यादी सांगते. एक, रुग्ण कोरडा पडलाय की पाण्याने फुगलाय ते तपासणं. जीभ, बीपी, पाय, छाती, वजन. दोन, जे औषध मूत्रपिंडाला मारतंय ते बंद. तीन, लघवीची साधी तपासणी, त्यात रक्त आणि प्रथिनं आहेत का. चार, लघवीची वाट कुठे अडली आहे का. पाच, पोटॅशियम.

सिस्टर : चौथ्यापासून सुरू करा, मॅडम. बॅग रिकामी दिसली की आम्ही आधी नळी बघतो. मुडपली आहे का, रक्ताची गाठ अडकली आहे का. म्हाताऱ्या माणसाचं ओटीपोट हाताने दाबून बघतो. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली असेल तर नळी टाकली की मूत्रपिंडं वाचतात. ते सोडून रेसिडेंट काय करतो सांगू? लॅसिक्स. लघवी होत नाही ना, मग दोन अँप्युल लॅसिक्स. तासाभराने दीडशे मिली आली की सगळे खूश.

मॅडम : आणि कोरड्या पडलेल्या रुग्णाचं उरलंसुरलं पाणीही काढून टाकतात. लॅसिक्सने मूत्रपिंड बरं होत नाही, सिस्टर. अंगात पाणी जास्त झालं असेल, दम लागत असेल, तरच ते द्यायचं. दुसरी चूक बरोबर उलटी. लघवी नाही म्हणून सलाईनवर सलाईन. पहिल्या काही तासांत, खरोखर कोरडा असेल तर, भरपूर द्यायला हवंच. पण बीपी सुधारलं, तरी लघवी नाही, आणि आपण बाटल्या चढवतोच आहोत, तर ते पाणी फुप्फुसात जातं. वजन रोज करा असं मी म्हणते ते यासाठीच.

सिस्टर : वजनकाटा बिघडलाय. इंडेंट देऊन झालंय.

मॅडम : तो मी आणवते. पोटॅशियमचं विसरू नका. साडेसहा-सातच्या वर गेलं की हृदय केव्हाही थांबू शकतं. ईसीजी काढायचा, त्यात बदल दिसले तर कॅल्शियम ग्लुकोनेट लगेच, ते हृदयाला सांभाळतं; मग ग्लुकोजमधून इन्सुलिन, त्याने पोटॅशियम पेशींत ढकललं जातं. शरीराबाहेर मात्र ते जात नाही, म्हणून तेवढ्या वेळात पुढची व्यवस्था करायची.

सिस्टर : डायलिसिस.

मॅडम : लागलं तर. नातेवाईकांना वाटतं डायलिसिसला उशीर केला म्हणून रुग्ण गेला. काही डॉक्टरांनाही वाटतं. हे पंधरा देशांत तपासून झालंय. अतिदक्षता विभागातले सुमारे तीन हजार रुग्ण, एका गटाला लवकर डायलिसिस, दुसऱ्याला ठोस गरज पडल्यावरच. नव्वद दिवसांत मृत्यू एका गटात ४३.९ टक्के, दुसऱ्यात ४३.७. उलट लवकर सुरू केलेल्यांपैकी जे जगले, त्यांच्यात पुढेही डायलिसिसवर अडकलेले जास्त निघाले. २०२० सालचा हा निकाल. पोटॅशियम आटोक्यात येत नाही, फुप्फुसात पाणी आहे, रक्त आम्ल झालंय, अशा वेळी क्षणभर थांबायचं नाही. बाकीच्यांत धीर धरायचा आणि मूत्रपिंडाला सावरू द्यायचं.

डायलिसिस मशीनच्या उद्घाटनाचे फोटो वर्तमानपत्रात येतात. लघवीच्या तक्त्याचा फोटो कधी कुणी छापत नाही. पैसाही बहुधा मशीनच्याच वाटेने जातो.

सिस्टर : तुमच्या सगळ्या योजनेत मला एक भोक दिसतंय. कॉम्प्युटर जुन्या आकड्याशी ताडून बघणार म्हणालात. जुना आकडा आणणार कुठून? ब्रिटनमध्ये असेल, जन्मापासूनचे रिपोर्ट एका नंबरखाली. आपल्याकडे गॅस्ट्रोचा रुग्ण येतो, क्रिएटिनिन ३.२. त्याने आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलेलं असतं. किंवा दिलं असतं गावातल्या लॅबला, तो कागद घरच्या पत्र्याच्या पेटीत. ही जुनी किडनी की आजची इजा, कॉम्प्युटर सांगेल?

मॅडम : नाही सांगणार. म्हणूनच आपल्याकडे खरी लढाई कॅज्युअल्टीत आहे. श्रीमंत देशांत बराचसा एकेआय रुग्णालयात दाखल झाल्यावर होतो, ऑपरेशनने, औषधांनी. आपल्याकडचे खूप रुग्ण तो घेऊनच येतात. जुलाब, मलेरिया, लेप्टो, घोणस चावलेली. घोणसेच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि मूत्रपिंडं जातात. तिथे प्रतिविष किती लवकर मिळालं यावर सगळं. तालुक्याहून येईपर्यंत पाच तास गेले तर मी सूचना कुणाला देऊ?

सिस्टर : आणि येताना वाटेत कमरेत डायक्लोचं इंजेक्शन. ताप आहे, अंग दुखतंय म्हणून. वर बीपीची टेल्मिसार्टन चालूच, जुलाबांत कोरडे पडलेले असतानाही. म्हणून कॅज्युअल्टीत मी नवीन मुलींना दोनच प्रश्न विचारायला शिकवते. शेवटची लघवी कधी झाली, आणि येण्याआधी कोणतं औषध घेतलं. बाटली, पाकीट, जे असेल ते पिशवीतून काढून दाखवा.

मॅडम : हा दुसरा प्रश्न फार मोठा आहे, सिस्टर. १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने सगळं खणून काढलं. आपल्याला वाटलं, आता पुन्हा होणार नाही. २०२२ मध्ये गांबियात मुलं गेली, भारतात बनलेल्या सिरपमुळे. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची लहान मुलं लघवी बंद होऊन नागपूरला येत होती. सर्दी-खोकल्याचं सिरप. त्यात जवळपास निम्मं तेच विष. वीसहून जास्त मुलं गेली.

सिस्टर : एकेका मुलाचा रिपोर्ट वेगळा बघितला तर तो नुसता एकेआयच दिसतो.

मॅडम : हो. एका भागातून, एकाच वयाची, आधी धडधाकट असलेली तीन मुलं लघवी थांबून आली की चौथ्याची वाट बघायची नाही. औषधाच्या बाटल्या गोळा करायच्या आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवायचं. माझ्या सूचनांचे आकडे एका ठिकाणी जमा होतील तेव्हा अशी गर्दी दिसेल. तुमच्या तक्त्यात ती दिसायची नाही, कारण प्रत्येक मूल वेगळ्या वॉर्डात, वेगळ्या रुग्णालयात असतं.

सिस्टर : हे पटलं. यासाठी तरी कॉम्प्युटर हवा. पण आता कामाचं बोलू. रात्री दोनला तुमची लाल अक्षरं आली. समोर डायक्लोची ऑर्डर आहे, तीनला द्यायचंय. मी काय करायचं?

मॅडम : रेसिडेंटला फोन.

सिस्टर : तो कॅज्युअल्टीत अडकलाय, उचलत नाही. दिलं तर मूत्रपिंडाला मार, नाही दिलं तर सकाळी मेमो, ‘ऑर्डर असून औषध का दिलं नाही?’ मॅडम, ओळखायची जबाबदारी आमच्यावर टाकायची आणि थांबवायचा अधिकार द्यायचा नाही, हे चालणार नाही. मला कागद हवा. तुमच्या सहीचा.

मॅडम : देते. एकेआयची सूचना आली किंवा सहा तासांत लघवी कमी भरली, तर डॉक्टर येईपर्यंत डायक्लोसारख्या वेदनाशामकांचा डोस सिस्टर थांबवतील. बीपीची ती टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी थांबवतील. मेटफॉर्मिनही. पण अँटिबायोटिक नाही, सिस्टर. अमिकासिन असलं तरी स्वतःहून बंद करायचं नाही. जंतुसंसर्गात एक डोस चुकला तर रुग्ण त्यानेच जाईल. तिथे फोन करायचाच, रेसिडेंट नसेल तर मला.

सिस्टर : आणि सलाईन?

मॅडम : सलाईनचा निर्णय तुमच्यावर सोडायला माझं मन तयार नाही. कोरडा की फुगलेला, यात आम्हीही चुकतो.

सिस्टर : गॅस्ट्रोचा पोरगा, बीपी ऐंशी, डोळे खोल गेलेले, त्यालाही डॉक्टरची वाट बघत ठेवू? पहिली आरएलची बाटली तरी लावू द्या.

मॅडम : बीपी नव्वदच्या खाली, छाती मोकळी, पायाला सूज नाही, हृदयाचा जुना आजार नाही. चारही असतील तर पहिली बाटली लावा. हेही लिहिते. दुसरी मात्र डॉक्टर बघूनच लावतील.

सिस्टर : डिस्चार्ज कार्डावरही लिहा. ‘एकेआय झाला होता, तीन महिन्यांनी क्रिएटिनिन करा, दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका.’ घरी गेल्यावर हे कुणालाच माहीत नसतं. क्रिएटिनिन खाली आलं म्हणजे किडनी पहिल्यासारखी झाली असं त्यांना वाटतं, आणि पुढे दोन-चार वर्षांनी तोच माणूस कायमच्या डायलिसिससाठी येतो.

मॅडम : मराठीत, मोठ्या अक्षरात छापून घेऊ. म्हणजे पुढच्या वेळी आपल्याला जुना आकडाही मिळेल. आता यश मोजायचं कसं? सूचना गेल्यापासून वेदनाशामक बंद होईपर्यंत किती वेळ लागला, मी तो मोजणार आहे.

सिस्टर : सूचना गेल्यापासून नको. लघवी कमी व्हायला लागली त्या तासापासून मोजा.

मॅडम : तसं मोजलं तर आपले आकडे फार वाईट दिसतील.

सिस्टर : दिसू देत. पहिल्या महिन्याचे आकडे वाईटच यायला हवेत. चांगले आले, तर कुणीतरी संध्याकाळी बसून तक्ता अंदाजाने भरलाय असं मी समजेन आणि वॉर्डात जाऊन विचारीन.